ट्रॉलीच्या चॅनलले ८ एमएमचा गॅप होता, सळई टाकून भरला, तिथूनच तुटली

दारव्हा_रोडवाला:
राम राम मंडळी. दारव्हा रोडवर माझं वेल्डिंगचं दुकान आहे, तीन वर्षं झाली. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, वखर-डवऱ्याची दुरुस्ती, गोठ्याचे शेड, सारंच करतो. आज लिहून राहिलो कारण माझ्या हातचं एक काम तुटलं आणि ते मले झोपू देत नाही.

दसऱ्याच्या आधी गावातल्याच एका काकांनी ट्रॉली आणली. समोरचा आडवा चॅनल, ज्याले हुकाची दांडी बसते तो, गंजून पातळ झाला होता. चेसिसचे दोन लांब चॅनल १५० चे, मी मधात टाकाले १०० बाय ५० चा नवीन आणला. माप घेतलं, कापला, बसवला तर डाव्या बाजूनं टेकला आणि उजव्या बाजूनं गॅप, वरून ५ एमएम आणि खालून ८. सकाळी कापूस भरायचा होता, मजूर सांगून ठेवले होते, काका तिथंच बसून. मी ८ एमएमची सळई कापून गॅपात ठोकली आणि दहा नंबरच्या वेल्डिंगच्या काडीनं वरून, खालून, बाजूनं भरून घेतलं. ग्राइंडर मारला, रंग मारला. दिसाले एकदम मजबूत.

पंधरा दिवसांनी भरली ट्रॉली यवतमाळच्या जिनिंगले जाताना गतिरोधकावर तुटली. दांडी रस्त्यावर घासत गेली. काका ट्रॅक्टरवर होते, हळू होते म्हणून वाचले, मागून कोणी गाडीवाला नव्हता. मी जाऊन पाह्यलं तर सळई जशीच्या तशी चॅनलवर चिकटून, तिच्या दोन्ही बाजूनं काळी खपली (काडीच्या मसाल्याची राख) भरलेली, आणि वेल्डिंगचा फक्त वरचा पापुद्रा फाटलेला. चॅनल कुठंच तुटला नाही. तुटलं ते फक्त माझं काम.

ट्रॉली आता दुकानासमोर उभी आहे, फुकट करून देणार आहे. पण या वेळी बरोबर करायचं आहे. मशीन २०० अँपियरचा इन्व्हर्टर आहे, काड्या ६०१३ प्रकारच्या. असा गॅप आला तर नेमकं काय करावं, कोणी नीट सांगन का?

पांढरं_सोनं:
काका वाचले हेच मोठं. भाऊ, तू लपवलं नाहीस, इथं येऊन लिहिलं, चांगलं केलं. आमच्याकडे तर सगळेच सळई टाकतात, फाटकापासून ट्रॉलीपर्यंत. मले तर तेच बरोबर वाटे.

जुना_फिटर:
३१ वर्षं कारखान्यात फिटर होतो, बल्लारपूरकडं, आता रिटायर. भाऊ, तुझी सळई काहून निघाली ते आधी समजून घे, मंग उपाय आपोआप समजते.

सळई गोल असते. गोल वस्तू दोन सपाट भिंतींच्या मधात ठेवली का तिच्या दोन्ही अंगाले खाली निमुळत्या होत जाणाऱ्या दोन फटी राहतात. आर्क नेहमी जवळचं लोखंड धरते, म्हणजे सळईची पाठ आणि चॅनलची कड. त्या फटीच्या तळाशी आर्क कधीच पोचत नाही. पाणी, म्हणजे वितळलेलं लोखंड, वरच्यावर जोडल्या जाते, आणि खाली जाते ते काय, तर वितळलेली खपली. तुले वाटते ८ एमएम भरलं, खरं जोडलेलं असते वरचं दोन-अडीच. तू जी काळी खपली पाहिली ना, ती पहिल्या दिवसापासून आत होती, रंगाच्या खाली.

दुसरी गोष्ट, आजकालची सळई म्हणजे टीएमटी. तिच्या अंगावर फासळ्या असतात, त्यात गंज आणि माती बसते. एफई ५०० ग्रेडच्या सळईत कार्बन ०.३० टक्क्यापर्यंत चालते, चॅनलच्या साध्या स्टीलमधी ०.२३ पर्यंत. म्हणजे दोन्ही लोखंड एक नाही. पण मी कार्बनले दोष देणार नाही, तुझं काम कार्बनमुळं नाही तुटलं, ते जोडल्याच गेलं नव्हतं.

आणि ट्रॉलीची दांडी म्हणजे फाटक नव्हे. प्रत्येक खड्ड्यात ती ओढल्या जाते, दाबल्या जाते. असा हजारो वेळा झटका बसला का आतल्या खपलीच्या टोकापासून चीर सुरू होते आणि हळूहळू वर येते. म्हणून पहिल्या दिवशी नाही तुटली, पंधरा दिवसांनी तुटली.

कारंजाची_ताई:
काका अगदी बरोबर. मी आयटीआयला वेल्डर ट्रेड केलाय, आता नागपूरजवळ एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये क्वालिटीला आहे. यात थोडा हिशोब घालते, कारण हा हिशोब कळला की गॅपची भीती बरोबर जागी बसते.

टी जॉइंटला, म्हणजे एक भाग दुसऱ्यावर काटकोनात टेकतो तिथे, आपण जी तिरपी वेल्डिंग मारतो, फिलेट, तिची ताकद तिच्या घशावर असते, म्हणजे मुळापासून पृष्ठभागापर्यंतच्या सगळ्यात कमी अंतरावर. पाय, म्हणजे वेल्डिंग एका भागावर जेवढी पसरते ती रुंदी, ६ एमएमचा असेल तर घसा साधारण ०.७ पट, म्हणजे ४.२. आता मधे ३ एमएमचा गॅप आहे आणि तुम्ही बाहेरून मोजून ६ चाच पाय मारला, तर त्यातले ३ गॅपमध्येच गेले. कामाचा पाय उरला ३, घसा २.१. बाहेरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही आणि ताकद अर्धी.

म्हणून अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं जे स्ट्रक्चरल कोड आहे, डी १.१, त्यात असं आहे की फिलेटसाठी दोन भाग जितके जवळ आणता येतील तितके आणा, २ एमएमच्या वर गॅप असेल तर जेवढा गॅप तेवढा पाय वाढवा, आणि साधारण जाडीच्या मालात ५ एमएमच्या वर गॅप चालतच नाही. तुमचा ८ होता. म्हणजे हे काम वेल्डिंगनं सुटणारं नव्हतंच, फिटिंगनं सुटणारं होतं.

गावरान_गॅरेज:
ताई हिशोब चांगला सांगितला पण गावात कोड कोण वाचते. मले एक सांगा, ८ चा गॅप एका बाजूनं ठेवण्यापेक्षा चॅनल मधात सरकवून दोन्हीकडं ४-४ केला असता तर? मग ५ च्या आत बसते.

कारंजाची_ताई:
बसतं दादा, आणि एका बाजूला ८ ठेवण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण मग दोन्ही बाजूंना पाय ४ नं वाढवायचा, म्हणजे ६ च्या जागी १० चा. १०० च्या चॅनलचा वेब, म्हणजे मधली सपाट पाठ, ५ एमएमच्या आसपास असतो, त्यावर १० चा पाय म्हणजे वेल्डिंगचे तीन-चार थर, केवढी उष्णता. वेल्डिंग थंड होताना आकसते आणि जितकं जास्त पाणी ओतलं तितकं जास्त खेचते. चेसिस आत ओढली जाईल, चाकं वाकडी चालतील. वाचवायला गेलो एक आणि बिघडलं दुसरं.

जुना_फिटर:
आता उपाय. रोडवाल्या भाऊ, ध्यान देऊन वाच, तुझ्या कामाले मी हेच करीन.

तुझा गॅप वरून ५ आणि खालून ८, म्हणजे तिरपा. गॅप कमी करायच्या मागे लागू नको, आधी वाढव. चॅनलच्या टोकाचा वरचा ३ एमएमचा तिरपा तुकडा ग्राइंडरनं काढून टाक, गुण्या लावून टोक काटकोनात आण. मंग वरून-खालून सारखा ८ चा गॅप झाला. आणि ८ एमएमची प्लेट बाजारात मिळते. त्या प्लेटीचा तुकडा काप, चॅनलपेक्षा चारही अंगानं १० एमएम मोठा, म्हणजे १२० बाय ७०. तुझी चेसिस १५० ची आहे, तिच्या वेबच्या सपाट पाठीवर आरामात बसते आणि वरून-खालून वेल्डिंगले जागाही राहते. आधी ही प्लेट चेसिसले चारही बाजूनं पूर्ण वेल्ड कर. खपली काढ, घासून पाह्य. मंग आडवा चॅनल प्लेटीले टेकव, कागद जाणार नाही असा, आणि त्याची फिलेट मार.

फरक काय झाला पाह्य. सळई गॅपाच्या आत लपली होती, ही प्लेट बाहेर आहे. तिची प्रत्येक कड तुले दिसते, आर्कले तळापर्यंत जाता येते, खपली काढता येते. गॅपात काहीतरी कोंबायचं नाही, गॅपाची जागा घेईल असा भाग बनवायचा. पूर्ण जोडलेला.

आणि अजून एक. हा गॅप आला काहून? माप चुकलं असं तू म्हणशील, पण मले नाही वाटत. जुनी ट्रॉली आहे, चेसिसच तिरपी झाली असन. दोरी घे, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत माप, मंग उलटं माप. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. नसतील तर चेन लावून, जॅक लावून आधी चेसिस सरळ कर, होऊ शकते का तुझा अर्धा गॅप तिथंच संपन.

दारव्हा_रोडवाला:
काका, आत्ताच मोजून आलो. दोन कर्णांत १४ एमएमचा फरक आहे. मी फक्त समोरचं अंतर मोजलं होतं, तेही वरच्या कडेले. बाप्पा. हे कोणी सांगतलंच नव्हतं.

पांढरं_सोनं:
जुना_फिटर काका, मंग फाटकाले काय करावं? तिथं ३-४ एमएमचा गॅप तर रोजचाच आहे, प्रत्येक वेळी प्लेट थोडीच लावता येते.

जुना_फिटर:
फाटकाले ३-४ चा गॅप असन तर कड वाढवून घे. एकाच बाजूच्या कडेवर एक बीड, म्हणजे वेल्डिंगची एक ओळ, मार, समोरच्या कडेले हात लावू नको. थंड होऊ दे, खपली काढ, ब्रश मार. गरज असन तर त्यावरच दुसरी. गॅप २ वर आला का ग्राइंडरनं कड सरळ कर आणि मंग दोन्ही जोड. लोक काय करतात, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उडी मारतात, डावीकडं-उजवीकडं, आणि मधात पाणी लोंबते, खाली पडते, भोक पडते. भोक बुजवाले अजून पाणी, अजून मोठं भोक. कडा आधी वाढवायच्या, पूल सगळ्यात शेवटी बांधायचा.

हे फक्त फाटकाचं नाही, कारखान्यातही बट जॉइंटले, म्हणजे दोन प्लेटी टोकाले टोक जोडताना, गॅप जास्त आला तर हेच करतात, पण तिथंही मर्यादा आहे, पातळ प्लेटीच्या जाडीच्या दुप्पट किंवा २० एमएम, जे कमी असन ते. त्याच्या वर गेलं का तुकडाच नवीन.

नाईटशिफ्ट_बुटीबोरी:
फिटर काकांनी सांगितलेलं सगळं करतो, त्यात दोन गोष्टी जोडतो. एक, तांब्याची पट्टी. जुन्या बसबारचा तुकडा भंगारात मिळतो, ६ एमएम जाड तरी घ्यावा. गॅपच्या मागून शिकंज्यानं घट्ट लावायचा आणि समोरून वेल्डिंग मारायची. पाणी तांब्यावर थांबतं पण चिकटत नाही, कारण तांबं उष्णता पटकन ओढून घेतं. आर्क मात्र थेट तांब्यावर धरू नका, लोखंडाच्या कडेवरच ठेवा, नाहीतर तांबं वितळून वेल्डिंगमध्ये जातं आणि तिथं चिरा पडतात.

दुसरी, जॉइंट उभा करा. ट्रॉलीचं नाही जमणार पण फाटकाची फ्रेम भिंतीला टेकवून उभी करता येते. गॅप असेल तर खालून वर जाणं सगळ्यात सोपं, कारण प्रत्येक थेंब खालच्या गोठलेल्या पायरीवर बसतो. आडव्यात त्याच गॅपला मागून धरायला काहीच नसतं. नवीन पोरं उभ्याला घाबरतात, म्हणून सांगतो.

दारव्हा_रोडवाला:
मशीनचं पण सांगा. संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज १७० वर येते, काडी चिकटते, मग मी अँपियर वाढवतो आणि अचानक लाईन सुधरली का भोक पडते.

नाईटशिफ्ट_बुटीबोरी:
भाऊ मग दांडीचं काम संध्याकाळी करूच नका. पहाटे उठून करा, लाईन चांगली असते. मीटरपासून मशीनपर्यंतची वायर जाड आणि आखूड ठेवा, अर्धा त्रास तिथेच असतो. दहा नंबरला १०० ते १२०, बारा नंबरला ७० ते ९०. गॅप असेल तिथे बारा नंबर, पाणी लहान राहतं आणि लवकर गोठतं. ६०१३ आहे तर होल्डर निगेटिव्हला लावून बघा, खोलवर कमी जातं, काडी पटापट वितळते, गॅपला आणि पातळ पत्र्याला बरं पडतं. चॅनलच्या मुख्य फिलेटला मात्र परत पॉझिटिव्हला घ्या.

गावरान_गॅरेज:
७०१८ ची काडी वापरली तर अजून मजबूत नाही का होणार?

कारंजाची_ताई:
७०१८ चांगलीच आहे दादा, ७० म्हणजे ७० हजार पीएसआय, साधारण ४९० एमपीए, आणि झटके सोसायला ६०१३ पेक्षा उजवी. दांडीला मी तीच सुचवेन. पण ती ओल ओढते. पाकीट उघडून पावसाळाभर दुकानात पडलेली काडी तशीच वापरली तर ओलीमधला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये जातो आणि चिरा पडू शकतात. ३०० ते ३५० डिग्रीला दोन तास भाजावी लागते, उन्हात ठेवून होत नाही. आणि एक मनापासून सांगते, वाईट फिटिंगला भारी काडी लावून काही होत नाही. टेकलेल्या जॉइंटला ६०१३ सुद्धा बरीच वर्षं टिकते.

कास्तकार_पोरगा:
मी वेल्डर नाही, ट्रॅक्टरवाला आहे. एक विचारतो, ट्रॉलीची कमान (पट्ट्यांची स्प्रिंग) तुटली तर वेल्डिंग करून चालते का? आमच्या गावात एक जण करून देतो, स्वस्तात.

जुना_फिटर:
नाही. कमानीचं स्टील जास्त कार्बनचं, कडक केलेलं असते. वेल्डिंगच्या बाजूले ते काचेसारखं ठिसूळ होते आणि तिथूनच तुटते, भरल्या ट्रॉलीत. पान बदलून घे, पैसे मागे-पुढे होतील. आक्सलचंही तेच समज.

नाईटशिफ्ट_बुटीबोरी:
आणि रोडवाले भाऊ, अर्थिंगचा क्लॅम्प चाकाला किंवा आक्सलला लावू नका, करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. जिथे वेल्डिंग तिथेच जवळ, रंग घासून. टायर बसलेल्या रिमला तर कधीच आर्क लावू नका, हवा सोडली तरी. टायर फुटून माणसं मेलीत.

दारव्हा_रोडवाला:
मंडळी, काम झालं, सविस्तर लिहितो. ट्रॉली रिकामी करून चार लाकडी ओंडक्यांवर घेतली. चेन आणि पाच टनी जॅक लावून कर्णातला फरक १४ वरून २ वर आणला, त्याले अख्खा दिवस गेला. फिटर काकांनी सांगतलं तसंच झालं, चेसिस सरळ झाल्यावर गॅप वरून-खालून जवळपास सारखा, ४ ते ५ एमएम उरला. ५ ची प्लेट इथं मिळाली नाही, म्हणून चॅनलचं टोक अजून ३-४ एमएम कापलं आणि मगच ८ ची प्लेट बसवली. कापताना हात थरथरला हे खरं आहे, गॅप वाढवाले मन तयार होत नव्हतं.

प्लेट चारही बाजूनं मारली, पहाटे पाचले. मग आडवा चॅनल. आधी चार टाके, समोरासमोरच्या कोपऱ्यांले, मग गुण्या लावून पुन्हा मोजलं, मग थोडं या बाजूनं थोडं त्या बाजूनं. ७०१८ च्या काड्या यवतमाळहून नवीन सीलबंद पाकीट आणलं, सकाळीच फोडलं आणि सकाळीच संपवलं. डाव्या बाजूचं जुनं वेल्डिंगही काढलं, जिथं गॅप नव्हता तिथलं, कारण त्याच्यावरही मले भरोसा नव्हता. ग्राइंडरनं उघडल्यावर आत दोन जागी खपली सापडली.

रंग नाही मारला. ट्रॉलीवाल्या काकांले सांगून ठेवलं का तीन खेपा होऊ द्या, मग मारतो.

जुना_फिटर:
रंग नाही मारला हे लय चांगलं केलं. आता तपासणी शिकून घे. जॉइंट कोरडा पुसून त्यावर डिझेल लाव, अर्धा तास राहू दे, मंग फडक्यानं एकदम कोरडं पूस आणि वरून खडूची पूड किंवा चुना पातळ लाव. कुठं चीर असन तर आत गेलेलं डिझेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ दिसते. पृष्ठभागापर्यंत आलेली चीरच सापडते, आतली नाही, पण दांडीची चीर बहुतेक कडेपासूनच चालू होते.

दारव्हा_रोडवाला:
तीन खेपा झाल्या, सगळ्या भरल्या. आज संध्याकाळी डिझेल आणि खडू लावून पाह्यलं. प्लेटीच्या चारही बाजू पांढऱ्या. चॅनलच्या खालच्या कोपऱ्यावर, जिथं मी एक बीड संपवून दुसरी चालू केली होती, तिथं अर्ध्या इंचाची बारीक ओली रेघ आली. फोटो टाकता येत नाही नेटमुळं. ट्रॉलीवाल्या काकांले फोन केला, सांगतलं का उद्याची खेप नको.

जुना_फिटर:
बरोबर केलं. बीड संपवताना काडी एकदम उचलली असशील, तिथं खड्डा राहते आणि खड्ड्यातच चीर पडते. तेवढा भाग ग्राइंडरनं रेघ पूर्ण जाईपर्यंत खोद, मधी पुन्हा डिझेल लावून पाह्य गेली का ते. वेल्डिंगच्या आधी सारं डिझेल पुसून, थोडं गरम करून वाळव. मंग कोपऱ्यापासून सुरू नको करू, एक इंच मागून सुरू कर, कोपऱ्याले वळसा घाल आणि पुढं सरळ भागात संपव, संपवताना काडी थोडी मागे घेऊन खड्डा भर. डाव्या बाजूचाही तोच कोपरा तपासून घे, एकाच हातानं मारलेला आहे.

दारव्हा_रोडवाला:
हो काका. उद्या पहाटे लाईन आली का दोन्ही कोपरे उघडतो.